बागेतल्या चाकाला रंग देण्याआधी

चि. अनिकेत,

तुझं पत्र पोचलं. भंगारवाल्याकडून कडबाकुट्टीचं जुनं बिडाचं चाक आणायचं, त्याला सोनेरी ऑइलपेंट द्यायचा आणि कारंज्यामागच्या भिंतीवर बसवायचं, असा तुझा बेत आहे. चाक बागेत येऊ दे, मुख्य हरकत सोनेरी रंगाला आहे. ज्या वळणदार आऱ्यांवर तुझा जीव जडला, ते आरे कुणी शोभेसाठी वाकवलेले नाहीत. साच्यात ओतलेलं बीड थंड होताना आकसतं. घेर, आरे आणि तुंबा एकाच वेगाने थंड होत नाहीत, त्यामुळे आत ताण साठतो आणि सरळ आरा त्या ताणाने तडकू शकतो. वळणदार आरा थोडा ढळून तो ताण सोसतो. शिवाय याच आऱ्यांवर बोल्टांनी पाती बसतात. पात्याची धार वाकडी असली की ज्वारीच्या ताटांचा जुडगा एका दणक्यात तोडावा लागत नाही, तो कडेकडेने चिरत जातो आणि दांडा फिरवणाऱ्याच्या खांद्याला झटका कमी बसतो. घेर जाडजूड असतो तोही याचसाठी, की एकदा गती धरलेलं चाक ताटं आडवी आली तरी थबकू नये. म्हणजे तुला दिसलेलं देखणेपण कामातूनच आलेलं आहे. सोनेरी थर चढला की बोल्टांची भोकं उठून दिसत नाहीत, ओतकामाचे उठाव गुळगुळीत होतात आणि मुठीची खुंटी बसायची त्या भोकाची झिजलेली कड दिसेनाशी होते. उरतं ते नुसतं वर्तुळ, आणि वर्तुळच हवं असेल तर ते कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात करून मिळेल.

तू म्हणशील, घर म्हणजे काही संग्रहालय नव्हे, पाहुण्यांनी तिथे यंत्रशास्त्र का शिकावं? शिकू नये. पण पुण्याच्या केळकर संग्रहालयातले अडकित्ते आणि दिवे माणसं इतकी रेंगाळून बघतात, कारण ते हाताळलेले दिसतात. दुसरा आक्षेप याहून जड आहे. ज्या यंत्रात कित्येकांची बोटं गेली, जे फिरवताना बायकामाणसं घामाघूम झाली, ते शोभेला मांडणं बरं का? हा प्रश्न मला खरा वाटतो, आणि म्हणूनच रंग नको म्हणतो. पाती जरूर काढ, मुलं हात लावणारच, पण त्यांच्या जागा उघड्या राहू देत. कष्टाची खूण पुसून वस्तू तेवढी मिरवणं मला पटत नाही. शिवाय या यंत्रामागे इतिहासही आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, त्यातून उभ्या राहिलेल्या कारखान्याने अगदी सुरुवातीला जी शेतीची अवजारं केली त्यांत कडबा कापायचं यंत्र होतं. लोखंडी नांगर आणि १९१० ची किर्लोस्करवाडी त्यानंतरची. किर्लोस्करांच्या कारखानदारीचा आरंभ गोठ्यातल्या गरजेपासून झाला, हे त्या चाकाकडे बघून कळायला हवं.

राहिला गंज. जाड बिडाच्या अंगावरचा गंज सहसा वरवरचा असतो आणि पावसाळ्यागणिक चाक संपत जाईल अशी धास्ती नको. रंगाला तडा गेला की मात्र पाणी आत शिरून तिथेच मुरतं आणि पोपडे धरतात. तारेच्या ब्रशने सुटा गंज काढ, चाक उन्हात कोरडं कर, बेलतेलाचा, म्हणजे जवसाच्या तेलाचा, पातळ हात दे आणि दरवर्षी पावसाआधी पुन्हा दे. तेलाच्या चिंध्या चुरगळून ढिगाने ठेवू नकोस, त्या आपोआप पेटू शकतात, उघड्यावर पसरून वाळव. घर समुद्राकाठी असतं तर खाऱ्या वाऱ्यापुढे मी एवढ्या ठामपणे बोललो नसतो. भिंतीवर मात्र टांगू नकोस, वजन फार असतं. दगडी लादीवर उभं करून मागून लोखंडी टेकू दे, म्हणजे तळाशी ओली माती लागणार नाही.

एक गोष्ट भंगारवाल्याकडे आधी बघून घे. घेराला तडा असेल तर ते चाक त्यालाच ठेवू दे. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत मोडीचं बीड वितळून नव्या कामाला लागतं आणि तेच योग्य. पण दातेरी चक्रं, रूळ, पाय सगळं शाबूत असलेली आणि अजून फिरणारी कडबाकुट्टी दिसली, तर निव्वळ चाकासाठी ती मोडायला लावू नकोस. दोन-तीन म्हशी असणाऱ्याला ती अजून हवी असते. अशा कुणाला तिचा पत्ता दे आणि बागेसाठी दुसरं, सुटं चाक शोध.

तुझा,
काका