उधाणाच्या दिवशी घर बघावं

विरारला डहाणू लोकल पकडली. वैतरणा मागे पडलं, पूल लागला आणि खाडीचा खारा वारा खिडकीतून आत आला. सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर. माझं आजोळ चिंचणीचं, त्यामुळे स्टेशनांचा हा क्रम मला लहानपणापासून पाठ आहे. ओंटारियोतल्या तीस वर्षांत तो विसरला नाही.

पण आता मी कॅनडाची नागरिक आहे. कायद्याच्या भाषेत हा देश मला परका. मूळ भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर इथे राहता येतं, राहतं घर विकत घेता येतं. शेतजमीन किंवा फार्महाउस मात्र घेता येत नाही. तिकडचे निवृत्त लोक हिवाळ्यात फ्लोरिडाला जातात, त्यांना 'स्नोबर्ड' म्हणतात. आम्हा नवरा-बायकोला फ्लोरिडा नको होतं. थंडीपुरतं घर हवं होतं ते याच किनाऱ्यावर. ओंटारियोचा सरकारी आरोग्यविमा टिकवायला बारा महिन्यांतले 153 दिवस तिथे राहावं लागतं, त्या हिशेबात आमची थंडी सहज बसत होती.

बोईसरहून रिक्षा केली. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या चिमण्या संपल्या, ताडांची झाडं सुरू झाली आणि दांडी आलं. मांगेला मच्छीमारांची वस्ती, ओढून ठेवलेल्या होड्या, अंगणात जाळी विणणारे हात. दोन खोल्या भाड्याने घेतल्या. अकरा महिन्यांचा करार रीतसर नोंदवला, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. ओळखीचे म्हणाले, राहणार चार महिने आणि भाडं अकराचं? मला पावसाळाही बघायचा होता.

नोव्हेंबर ते मार्च सुखाचा गेला. वलांड्यांवर, म्हणजे मासळी वाळवायच्या मांडवांवर, बोंबील सुकायला लागले की सकाळचं ऊन त्यांच्यातून गाळून आल्यासारखं दिसे. घरमालकीण मावशींनी मला तिथी बघायला शिकवलं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती. बाजाराचा दिवसही त्यावरून ठरे. रात्री उत्तरेकडे तारापूर अणुवीजकेंद्राचे दिवे दिसत. 1969 पासून चालू असलेल्या या केंद्राच्या 16 किलोमीटरच्या आपत्कालीन नियोजन क्षेत्रात आपण झोपतो आहोत, ही गोष्ट दोन दिवसांच्या सहलीत कोणाच्या मनातही येत नाही. केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरणच्या माणसांना घरं सोडावी लागली, हेही मला मावशींच्या ओट्यावरच कळलं.

वारा फिरला की कधी कधी वास येई. मासळीचा वास मी ओळखते. हा रसायनाचा होता. औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सोडलं जातं. त्या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. ज्यांची जाळी रिकामी येतात त्यांनाच हे लढावं लागतं, याचा मला अजून राग येतो.

फेब्रुवारीत एका दलालाने समुद्रासमोरचा तुकडा दाखवला. सुरूची झाडं, समोर पाणी, भाव आमच्या आवाक्यातला. टोकन आजच द्या म्हणाला. मी सातबारा मागितला. शेतजमीन निघाली, तीही भोगवटादार वर्ग 2, म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय विकताच न येणारी. शिवाय भरतीरेषेपासून 200 मीटरच्या आतली, जिथे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांमुळे नवं घर बांधणं जवळजवळ अशक्य. सहलीला आले असते तर टोकन देऊन बसले असते. भाड्याच्या खोलीने मला घाईतून वाचवलं.

जुलैत पुन्हा तीच लोकल. वैतरणेचं पाणी गढूळ, पुलाच्या खांबांना भिडलेलं. 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असते, त्यामुळे होड्या ताडपत्रीखाली, गाव घरात. आषाढी अमावास्येला दुपारच्या भरतीची वेळ जवळ आली तशी मावशींनी तांदळाचे डबे फळीवर चढवले. "बाय, चप्पल वर घे," एवढंच म्हणाल्या. तासाभरात गल्लीत गुडघाभर पाणी होतं आणि आमच्या उंबऱ्यावर फेस. मी खाटेवर पाय घेऊन बसले. फेब्रुवारीतला तो तुकडा संध्याकाळी बघून आले. अर्धा पाण्याखाली होता आणि दोन सुरू आडवे पडले होते.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून आम्ही दोघं खूप बोललो. याच किनाऱ्यावर मुरब्याला बंदर प्रस्तावित आहे, वाढवणच्या बंदराचं भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 ला झालं. भाव वाढणार म्हणून आत्ताच घ्या, असं सगळे सांगतात. पण गावठाणातलं एकेक घर आमच्यासारख्यांनी वर्षातल्या चार महिन्यांसाठी घेतलं, तर वलांड्या कुठे उभ्या राहणार आणि जाळी कुठे पसरणार? माझ्या हातातल्या पैशापेक्षा मावशींच्या नातवाला अंगणाची गरज जास्त आहे.

घर घेतलं नाही. सप्टेंबरअखेर करार संपला, तो पुन्हा अकरा महिन्यांसाठी नोंदवला. परदेशातून येऊन या किनाऱ्यावर घर शोधणाऱ्यांना माझी विनंती आहे: डिसेंबरात आवडलेलं घर आषाढी अमावास्येच्या भरतीला आतून बघा, आणि त्याआधी कोणालाही टोकन देऊ नका.