राहिलेला नंबर



परवा कपाट आवरताना एक जुना फोटो हाती लागला. एस.टी.ची लाल गाडी, तिच्यापुढे तीन रांगांत उभी असलेली 42 लेकरं आणि एका टोकाला हातात यादी घेतलेला मी. मागे माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘मुंबई सहल, डिसेंबर 1986’. माझा मुलगा शेवटच्या रांगेत, अर्धा झाकलेला. आता फोटो शोधत असतं कुणी, तर तो दिसलाच नसता.

तो सहावीत होता आणि मी त्याचा वर्गशिक्षक. शाळेत तो मला ‘सर’ म्हणायचा, घरी ‘अण्णा’. ही शिस्त मीच घालून दिलेली. मास्तराच्या पोराला झुकतं माप मिळतं असं कुणी म्हणू नये म्हणून मी फार जपायचो. फळा पुसायला तो पहिला, खाऊ घ्यायला शेवटचा.

आमच्या पोखर्णीकडच्या लेकरांना तेव्हा सहल म्हणजे नृसिंहाची यात्रा, नाहीतर हिवाळ्यात कुणाच्या तरी शेतात हुरडा. मुंबईचं नाव काढलं की तीनच गोष्टी ठाऊक, समुद्र, राणीची बाग आणि म्हातारीचा बूट. घरोघरी हिंडून पालकांची समजूत काढली, पैसे गोळा केले, दशम्या-धपाट्यांची गाठोडी घेतली आणि रात्रभर प्रवास करून आम्ही मुंबईला पोचलो.

राणीच्या बागेत मी सगळ्यांना वह्या काढायला लावल्या. प्राण्याचं नाव, रंग, खाद्य. हत्तीपुढे उभी राहून लेकरं मान खाली घालून लिहीत होती! वर बघायला त्यांना वेळच नव्हता. तेव्हा मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता.

मग मलबार हिल. तिथे रस्त्याच्या एका बाजूला हँगिंग गार्डन, दुसऱ्या बाजूला कमला नेहरू पार्क. हँगिंग गार्डनमध्ये झुडपं कापून केलेले प्राणी आहेत, पण मी मुलांना सांगत होतो बागेखालच्या जलाशयाबद्दल. पायाखाली एवढं पाणी, आणि वर माणसं फिरतात! 1972 चा दुष्काळ पाहिलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? मुलांचं लक्ष मात्र पलीकडच्या बुटाकडे. आतून जिना, वर खिडक्या. एकेक पोर आत शिरायचं आणि वरून हात हलवायचं.

ड्रायव्हरने हॉर्न वाजवायला सुरुवात केली. अजून गेटवे बघायचं होतं. रांगेत शेवटचे चारजण उरले होते आणि त्यात सगळ्यात शेवटी माझा मुलगा. मी म्हणालो, ‘‘हे तिघं जाऊन येतील. तू चल गाडीत. तू काय, घरचाच आहेस.’’

‘‘हो सर,’’ म्हणाला आणि जाऊन बसला. रडला नाही, रुसला नाही. मी डोकी मोजली, 42 भरली आणि गाडी सुटली. त्यानंतर ती गोष्ट मी साफ विसरलो.

असो. आता 37 वर्षं पुढे येऊ.

मुलगा डोंबिवलीला असतो. 2023 च्या दिवाळीत आम्ही दोघं परभणीहून देवगिरीने त्याच्याकडे गेलो. नात तेव्हा 8 वर्षांची. त्यांचं घर सहाव्या मजल्यावर. खाली खेळायला जागा आहे, पण अर्ध्या जागेत गाड्या उभ्या. गावी आली की ही पोर ज्वारीच्या धांड्यांत दिसेनाशी होते आणि आजी हाका मारून थकते. इथे मात्र बाहेर जायचं तर आधी ठरवावं लागतं, लोकल, गर्दी, तिकीट, पाण्याची बाटली. शहरात मोकळी जागासुद्धा वेळापत्रक बघून गाठावी लागते. (राणीची बाग बुधवारी बंद असते, हेही लक्षात ठेवा.)

पहिल्या दिवशी राणीच्या बागेत गेलो, म्हणजे आताच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात. 1862 सालची बाग ही. काळा घोडा म्हणतात तो पुतळाही 1965 पासून इथेच आहे. 2016 साली आणलेले हंबोल्ट पेंग्विन हे हल्लीचं मोठं आकर्षण. काचेपलीकडे ते पाण्यात सुळकन शिरत होते आणि नात काचेला नाक लावून उभी. माझ्यातला मास्तर जागा झाला.

‘‘सांग बरं, हे मूळचे कुठले?’’

‘‘आजोबा, शाळेला सुटी आहे,’’ ती काचेवरून नजर न हलवता म्हणाली.

सूनबाईंनी तोंडाला पदर लावला. मी ‘दक्षिण अमेरिका, पेरू आणि चिली’ एवढं मनातल्या मनात म्हणून गप्प बसलो. आणि गंमत म्हणजे गप्प बसल्यावर मलाही ते पेंग्विन नीट दिसायला लागले. एकजण सारखा काठावर यायचा, पाण्यात वाकून बघायचा आणि मागे फिरायचा. नात त्याला हळूच म्हणत होती, ‘‘घाबरू नको, जा.’’ वहीत याची नोंद कुठल्या रकान्यात केली असती मी?

दुसऱ्या दिवशी मलबार हिल. टॅक्सीतून उतरताच नात माझा हात ओढत म्हणाली, ‘‘आजोबा, लवकर चला. पप्पांचा नंबर राहिला होता ना, म्हणून मी आधी नंबर लावणार.’’

मला काही कळेना. ‘‘कसला नंबर?’’

‘‘बुटाचा! त्यांना सरांनी गाडीत बसवलं होतं.’’

‘सरांनी’ म्हणाली. ते सर कोण, हे त्याने लेकीला सांगितलं नव्हतं.

मंडळी, तिथे मला सगळं आठवलं. हॉर्न, यादी, ‘हो सर’. 42 डोकी मी बरोबर मोजली होती, त्यात एक माझ्या लेकराचं होतं हे मात्र विसरलो होतो.

नात रांगेत उभी राहिली. रांग बरीच होती. मी सवयीने घड्याळ पाहिलं आणि मग मनगट खिशात घातलं. आम्ही बापलेक बाकावर बसलो. समोर खाली चौपाटी, मरीन ड्राइव्हची वळणदार कड. बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी मीच म्हणालो, ‘‘त्या दिवशी चुकलं माझं.’’

तो थोडा थांबला. ‘‘मला तेव्हा वाटलं होतं, तुम्ही संध्याकाळी परत घेऊन याल,’’ म्हणाला. ‘‘वेळ नव्हता, हे नंतर कळलं.’’

यावर मी काय बोलणार?

तेवढ्यात वरच्या खिडकीतून हाक आली, ‘‘पप्पाऽऽ! आजोबाऽऽ!’’ तो उठून बुटाच्या अगदी जवळ गेला आणि दोन्ही हात वर करून हलवायला लागला, 48 वर्षांचा माणूस! नात खाली आली आणि म्हणाली, ‘‘परत एकदा?’’ ती पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. असं तीन वेळा झालं. त्या दिवशी दुसरं काहीही बघून झालं नाही आणि कुणी तक्रारही केली नाही.

मी बत्तीस वर्षं शिकवलं, वीसेक सहली काढल्या. लेकरांना किती ठिकाणं दाखवली त्याचा हिशेब माझ्याकडे आहे. पण ती बघेपर्यंत थांबलो किती वेळा, याचा हिशेब नाही. बागेत मुलांना माहिती सांगणारं माणूस फारसं लागतच नाही. बाकावर बसून राहणारं, शेवटचा नंबर येईपर्यंत ‘चला’ न म्हणणारं माणूस लागतं.

तो फोटो आता मी मुलाकडे पाठवणार आहे. मागे एक ओळ वाढवून: ‘शेवटच्या रांगेत डावीकडून तिसरा, माझा मुलगा.’

तुमच्याही घरात कुणाचा नंबर राहिलाय का? विचारून बघा एकदा.