तोमानोवोसचे पाणी



धाकट्या लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेले होते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, बाळाची मालिश यातून एक दिवस सवड काढून जावईबापूंनी मला आणि मोठ्या नातीला न्यूयॉर्कचे नैसर्गिक इतिहासाचे संग्रहालय दाखवायला नेले. नातीला डायनासोर पाहायचे होते. मी मात्र एका धोंड्यापाशी अडकले.

धोंडा म्हणजे लोखंड आणि निकेलची उल्का. वजन साडेपंधरा टन. अंगावर मोठमोठे खळगे, काहींत लहान मूल सहज बसेल. विलामेट उल्का हे तिचे जगाला माहीत असलेले नाव. पण ओरेगॉनमधले क्लॅकमस लोक तिला तोमानोवोस म्हणतात. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे तोमानोवोस आकाशातून आला आणि त्याने त्यांच्या खोऱ्यातल्या माणसांना बरे केले, बळ दिले. त्याच्या खळग्यांत पावसाचे पाणी साचे. आकाश, धरती आणि पाणी तिथे एकत्र आले, असे ते मानतात. ते पाणी अंगाला लावले की शुद्धी होते, दुखणे जाते, ही त्यांची भावना.

हे वाचले आणि माझा हात आपोआप कपाळाकडे गेला. रोज सकाळी अभिषेकानंतर आपण गंधोदक डोळ्यांना आणि मस्तकाला लावतो, तसा.

शिकारीला जाताना ते आपले बाण त्या पाण्यात बुडवीत, हेही कळले. आपल्याला ते पटणार नाही, मलाही पटले नाही. शिवाय आपण पूजतो ते पाषाणाला नव्हे, वीतराग भगवंतांच्या गुणांना. त्यांच्यासाठी मात्र तोमानोवोस स्वतःच पूज्य. हा फरक लहान नाही. पण दुसऱ्याची श्रद्धा आपल्यासारखी असेल तरच तिला मान द्यायचा, असे थोडेच आहे?

रात्री जावईबापूंनी पुढची गोष्ट शोधून वाचून दाखवली. १८५०च्या दशकात करार करून क्लॅकमस लोकांना त्यांच्या भूमीवरून हलवले, ग्रँड रोंड इथे नेले. तोमानोवोस मागेच राहिला. १९०२ मध्ये एलिस ह्यूज नावाच्या माणसाला तो एका लोखंड-पोलाद कंपनीच्या जमिनीत दिसला. मुलाला हाताशी धरून, घोड्याच्या बळावर, तीन महिने खपून त्याने तो सव्वा किलोमीटरवर आपल्या जागेत ओढून आणला आणि पाहायचे पैसे घेऊ लागला. मग कंपनीने खटला भरला. त्यात आदिवासी साक्षीदारांनी सांगितले, की क्लॅकमस लोक याला पूजत. पण त्यांना साक्षीला बोलावले होते ते ह्यूजच्या बचावासाठी, ही टाकून दिलेली जुनी वस्तू आहे असे ठरवायला! १९०५ मध्ये निकाल लागला, की जमीन ज्याची, उल्का त्याची. मग ती विकली गेली आणि १९०६ मध्ये या संग्रहालयाला दान मिळाली. ज्यांचा तो होता, त्यांना कोणी विचारलेच नाही.

मैत्रिणींनो, हे ऐकताना मला माझ्या सासूबाई दिसत होत्या.

आमच्या गावी, माझ्या लग्नाआधी, विहीर खणताना एक पाषाणाची जिनप्रतिमा निघाली. एक कान आणि गुडघा तुटलेला. सरकारी नियमाप्रमाणे ती संग्रहालयात गेली. खंडित प्रतिमा आपण पूजेत ठेवत नाही, त्यामुळे गावात कोणी फार हरकत घेतली नाही. पण सासूबाई तेव्हा त्या विहिरीवर हजर होत्या. अंगावरची माती त्यांनी पदराने पुसली होती.

दहा वर्षांपूर्वी मी त्यांना त्या संग्रहालयात घेऊन गेले. दालनाच्या दारात त्यांनी चपला काढल्या. प्रतिमेसमोर बसल्या आणि कनवटीची पुडी सोडून चिमूटभर अक्षता वाहिल्या. पहारेकरी ओरडला, "आजी, हे देऊळ नाही!" शाळेची मुले हसली. आणि मी काय केले? त्यांचा दंड धरून उठवले आणि पुटपुटले, "चला, लोक बघतात." बाहेर आल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "देऊळ नाही हे मला कळतं गं. पण देव तर आपलाच आहे ना?"

उत्तर मला त्या दिवशी सुचले नाही. न्यूयॉर्कला थोडेसे सापडले.

१९९९ मध्ये ग्रँड रोंडच्या लोकांनी तोमानोवोस परत मागितला. पूर्वजांच्या अस्थी आणि पवित्र वस्तू परत मागण्याचा कायदा तिथे १९९० पासून आहे. संग्रहालय आपल्या मालकीसाठी न्यायालयात गेले. पण जून २००० मध्ये दोघांनी समेट केला. तोमानोवोस संग्रहालयातच राहील. वर्षातून एकदा त्याचे लोक येतील आणि त्याच्याजवळ एकांतात आपले विधी करतील. आणि संग्रहालयाने त्याला लोकांसमोर ठेवणे कायमचे थांबवले, तर तो त्यांना परत जाईल. अमेरिकेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला ही माणसे त्याला भेटायला येतात.

हा पुरा न्याय आहे का? मला नाही वाटत. जे मुळात आपले, त्याला भेटायला परवानगी का लागावी? पण माझी नात त्याच्यासमोर उभी राहून विचारत होती, "आजी, हा खरंच आकाशातून आला?" तेही खोटे नव्हते. त्या एका धोंड्यात तिचे कुतूहल मावते आणि त्यांची भक्तीही मावते. अनेकांत आपण प्रवचनात ऐकतो. तिथे मला तो निभावायला किती जड जातो ते दिसले.

परत आल्यावर क्षमावाणीची वाट पाहिली नाही. सासूबाईंच्या पायाशी बसून त्या दिवसाची क्षमा मागितली. त्यांना ब्याऐंशी वर्षे झाली, ऐकू कमी येते. दोनदा सांगावे लागले. मग हसून म्हणाल्या, "तू अजून तेच धरून बसलीस होय?"

गावच्या मंदिराच्या ट्रस्टींशी बोलून आम्ही संग्रहालयाला अर्ज लिहिला आहे. मूर्ती मागितलेली नाही. मागितला आहे तो महावीर जयंतीच्या सकाळचा एक तास. दालन उघडण्याआधी, चपला बाहेर काढून, शांतपणे णमोकार म्हणण्यापुरता. अभिषेक नाही, अक्षताही नाहीत. उत्तर अजून आलेले नाही.

सासूबाईंनी मात्र आपली पांढरी साडी धुऊन घडी घालून ठेवली आहे.