त्रेचाळीस नंबरची गाडी

मोटारींची शर्यत म्हटली की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांसमोर जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, उघडी, एकट्यापुरती जागा असलेली गाडी उभी राहते. परंतु अमेरिकेच्या दक्षिण भागातील खेडुतांना ज्या शर्यतीचे वेड लागले ती निराळीच. तिच्यात धावत त्या दुकानात मिळणाऱ्या, घरच्या माणसांना घेऊन बाजारहाटाला जावे अशा साध्या मोटारी. म्हणूनच तिला स्टॉक कार शर्यत हे नाव पडले. आज त्या गाड्यांचे बाह्य रूप तेवढे साध्या मोटारीसारखे उरले आहे, ही गोष्ट वेगळी. या खेळात एका कुटुंबाने तीस वर्षांहून अधिक काळ अधिराज्य गाजविले, आणि पुढे तेच कुटुंब मागे पडत पडत आपल्याच घरच्या कारखान्यातून बाहेर पडले. त्यांची हकीगत वाचल्यापासून ती माझ्या मनातून जात नाही. आडनाव पेटी. आपल्या भजनातल्या पेटीशी त्याचा अर्थातच काही संबंध नाही.

नॉर्थ कॅरोलिना राज्यात लेव्हल क्रॉस नावाची एक लहानशी वस्ती आहे. तेथील ली पेटी हे वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, म्हणजे इतर लोक अशा उद्योगातून अंग काढून घेतात त्या वयात, शर्यतीत उतरले. नॅसकार या संस्थेने साध्या मोटारींची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे भरविली, तीत ते एका स्नेह्याकडून मागून आणलेली ब्यूक गाडी घेऊन गेले आणि ती त्यांनी उलटी केली. जड गाडी वळणावर आवरत नाही, हा धडा त्यांनी तेथेच घेतला. मग हलकी प्लिमथ घेतली आणि त्याच वर्षी पहिली शर्यत जिंकली. घराशेजारी शेतीची अवजारे ठेवण्याची एक शेड होती, तिची जमीन मातीची. तोच त्यांचा कारखाना झाला. रिचर्ड आणि मॉरिस हे दोन मुलगे आणि डेल इनमन हा भाचा शाळेतून आले की त्या शेडमध्ये हात काळे करीत.

ली हे कठोर गृहस्थ होते. १९५९ साली अटलांटाच्या लेकवुड मैदानावर त्यांच्या रिचर्डला पहिल्यांदाच विजयी घोषित करण्यात आले. इतक्यात निकालाविरुद्ध तक्रार आली. फेऱ्या मोजण्यात चूक झाली होती, ही तक्रार खरी ठरली आणि विजय दुसऱ्याला मिळाला. तो दुसरा म्हणजे खुद्द ली पेटी, आणि तक्रार करणारेही तेच! मुलाला जे द्यायचे ते त्याने कमावलेले असावे, असा त्या घरचा कायदा असावा. त्याच वर्षी डेटोना येथील पाचशे मैलांची पहिली शर्यत झाली. दोन गाड्या शेवटच्या रेषेवर इतक्या जवळ आल्या की आधी जॉनी बोशँप यांना विजयी ठरविले गेले, आणि चित्रे तपासून तीन दिवसांनी ली यांना. तीन वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविलेल्या या माणसाला १९६१ मध्ये डेटोनालाच भयंकर अपघात झाला. त्यानंतर गाडी हाकण्याचे काम मुख्यत्वे रिचर्ड यांच्याकडे आले.

आणि मग जे वैभव आले त्याला तोड नाही. इंजिने मॉरिस बांधीत, संघाची सूत्रे इनमन सांभाळीत, गाडी रिचर्ड हाकीत. निळ्या रंगाच्या त्या गाडीचा नंबर ४३. १९६७ या एका वर्षात रिचर्ड यांनी ४८ शर्यतींपैकी २७ जिंकल्या, त्यांतील १० लागोपाठ. लोक त्यांना ‘राजा’ म्हणू लागले. सात राष्ट्रीय विजेतेपदे, डेटोनाच्या पाचशे मैलांत सात विजय आणि एकूण २०० शर्यती जिंकण्याचा विक्रम त्यांच्या नावावर आहे. १९७२ मध्ये एक मोठी तेल-रसायनांची कंपनी जाहिरातीसाठी पैसा घेऊन आली आणि गाडी संपूर्ण लाल रंगवा म्हणू लागली. पेटी म्हणाले, घरचा निळा जाणार नाही. शेवटी गाडी निम्मी लाल, निम्मी निळी झाली. मला ही गोष्ट फार आवडते, आणि तिच्यातच पुढच्या दुःखाचे बीज असावे असाही संशय येतो.

कारण घरचेपणा हेच या संघाचे सामर्थ्य होते. इंजिनापासून रंगापर्यंत सारे एका अंगणात होई. बाप, भाऊ, मामेभाऊ यांना एकमेकांचे मन न बोलता कळे. दुसऱ्या कोणाला असा कारखाना पैसे देऊनही मिळाला नसता. मात्र तो काळ असा होता की कौशल्य पैशाला मागे टाकू शकत असे.

तो काळ केव्हा पालटला हे नेमके दाखविता येते. १९७८ हे वर्ष त्यांना एकाही विजयाविना गेले. ज्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांवर घराण्याची भिस्त होती, तिच्या गाड्या मागे पडल्या होत्या आणि पेटींना शेवरोलेकडे वळावे लागले. पण १९७९ च्या फेब्रुवारीत डेटोनाची शर्यत प्रथमच आरंभापासून अखेरपर्यंत दूरदर्शनवर थेट दाखविण्यात आली. पूर्वेकडील राज्यांत हिमवादळ होते, लोक घरी अडकून पडलेले. शेवटच्या फेरीत पुढच्या दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि मागून आलेले रिचर्ड जिंकले. त्या एका दिवसाने हा खेळ साऱ्या देशाचा झाला आणि त्याच्यामागे मोठा पैसा आला. ज्या विजयाने पेटींचे नाव घरोघरी नेले, त्यानेच त्यांच्या शेडच्या दाराशी पाहुणा म्हणून तो पैसा आणला. त्याच्यापुढे शेड टिकणार नव्हती.

१९८१ मध्ये रिचर्ड सातव्यांदा डेटोना जिंकले. शेवटच्या थांब्याला टायर न बदलता केवळ पेट्रोल भरण्याची युक्ती इनमन यांची. त्या विजयानंतर लगेच इनमन घर सोडून दुसऱ्या मालकाकडे गेले. १९८३ मध्ये शार्लटला जिंकलेल्या गाडीचे इंजिन नियमापेक्षा मोठे निघाले, टायरही नियमाबाहेरचे. विजय कायम राहिला, पण ३५,००० डॉलर दंड झाला आणि त्याहून मोठा डाग लागला. पुढच्या वर्षी रिचर्ड माइक कर्ब यांच्या संघात गेले. ४ जुलै १९८४ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या उपस्थितीत त्यांनी दोनशेवी शर्यत जिंकली, ती परक्या मालकाच्या गाडीत. पुढे ते घरी परतले, १९९२ पर्यंत धावले. परंतु पुन्हा कधी जिंकले नाहीत.

येथे माझ्या घरची थोडी आठवण आल्याशिवाय राहत नाही. आमचे आजोबा बैलगाडीची चाके करीत. आऱ्यांचे लाकूड निवडण्यापासून लोखंडी धाव तापवून बसविण्यापर्यंत सारे काम घरच्या चौघांत होई आणि आसपासच्या गावांतून लोक येत. रबरी टायरच्या गाड्या आल्या तेव्हा काका काम सोडायला तयार झाले नाहीत. चाक उत्तम होते, हे कोणी नाकारीत नव्हते. फक्त ते कोणाला नको होते. थोरल्या माणसाला हे तोंडावर सांगण्याची छाती घरात कोणाची होणार? पेटींच्या घरी तर थोरला माणूस राजा होता.

मालक म्हणून रिचर्ड यांनी हातपाय हलविले नाहीत असे नाही. दुसरी, तिसरी गाडी काढून पाहिली. पण मोटारविक्रीच्या धंद्यात पैसा मिळविलेल्या रिक हेंड्रिक यांनी १९८४ मध्ये संघ काढला होता आणि एका मालकाच्या अनेक गाड्या, अभियंत्यांचे ताफे, वाऱ्याच्या बोगद्यातील परीक्षा, एका गाडीचे शिकलेले दुसरीला देण्याची सोय, हा नवा रिवाज पडला. कुशल कारागीर शार्लटच्या आसपास, विशेषतः मूर्सव्हिल गावी जमले. लेव्हल क्रॉस तेथून दूर; चांगला माणूस तेथे कशाला येईल? रिचर्ड यांच्या निवृत्तीनंतर घरच्या संघाने तीनच शर्यती जिंकल्या : १९९६, १९९७ आणि १९९९. मुलगा काइल याने आयुष्यात आठ शर्यती जिंकल्या. त्यांतील एकही घरच्या संघासाठी नाही.

आशा होती ती काइलच्या मुलावर. ॲडम पेटी हा चौथ्या पिढीचा. २ एप्रिल २००० रोजी टेक्सास येथे त्याने सर्वोच्च श्रेणीतील पहिली शर्यत केली. तीन दिवसांनी पणजोबा ली वारले. १२ मे रोजी न्यू हॅम्पशायर येथे सराव करताना ॲडमची गाडी भिंतीवर आदळली आणि तो जागीच गेला. वय एकोणीस.

त्यानंतरच्या अपयशाचा हिशेब मांडणारे पुष्कळ आहेत; काइलने वेळीच थांबायला हवे होते, असेही म्हणतात. मला ते पटत नाही. बापाने मुलाची ४५ नंबरची गाडी स्वतः चालवायला घेतली. ती कितव्या क्रमांकावर येते हा प्रश्न त्या घरात कितपत उरला असेल? आजारी मुलांसाठी शिबिर असावे ही ॲडमची इच्छा होती. आजी-आजोबांनी जमीन दिली आणि २००४ मध्ये ते सुरू झाले. माझ्या मते त्या वर्षांतले पेटींचे खरे काम ते.

२००८ मध्ये लेव्हल क्रॉसचा कारखाना सोडून संघ मूर्सव्हिलला गेला. मोठा जाहिरातदारही गेला. जानेवारी २००९ मध्ये २६८ विजयांचा पेटी संघ दुसऱ्या संघात विलीन झाला आणि नव्या संघात काइलला जागा राहिली नाही. भागीदार बदलत गेले. २०१० च्या अखेरीस मुख्य भागीदार कर्जात बुडाला, तेव्हा रिचर्ड यांनी नवे सोबती घेऊन संघ वाचविला. डिसेंबर २०२१ मध्ये मोठा वाटा मॉरी गॅलघर यांनी विकत घेतला, पुढे जिमी जॉन्सन आले आणि २०२३ पासून संघाच्या नावातून ‘पेटी’ हा शब्दही गेला. २०२४ पासून तो टोयोटाच्या गाड्या धावडू लागला.

रिचर्ड मात्र पिसांची टोपी आणि काळा चष्मा घालून मैदानावर येत राहिले. सही मागणाऱ्याला ते कधी टाळीत नसत, आणि सही गिचमिड करीत नसत. प्रत्येक अक्षर वळणदार, सहज वाचता येईल असे. सही वाचता यावी म्हणून तरुणपणी त्यांनी हस्ताक्षराचे शिक्षण घेतले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये डार्लिंग्टन येथे एरिक जोन्स या तरुणाने ४३ नंबरची गाडी पहिली आणली, तेव्हा त्या गाडीवर पेटींचे नाव अजून होते. लेव्हल क्रॉसच्या जुन्या कारखान्यात २०१४ पासून संग्रहालय आहे. तेथे घराण्याच्या जुन्या गाड्या ओळीने उभ्या आहेत, आणि शेजारीच ली पेटींचे राहते घर.