डब्याचा हिशेब

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला शिकवताना मी विद्यार्थ्यांना दरवर्षी एक छोटे लेखन करायला सांगतो : स्वतःच्या महिन्याच्या खर्चाचे टिपण. परभणीत खोली करून राहणारी ही मुले जिंतूर, पालम, सोनपेठ अशा तालुक्यांतल्या खेड्यांतून आलेली असतात. खोलीभाडे, गॅस, मोबाइलचे रिचार्ज, झेरॉक्स, अभ्यासिकेची फी हे सारे ती नेमकेपणाने लिहितात. यंदा एका मुलीने शेवटची ओळ लिहिली होती : 'डबा घरून येतो. खर्च नाही.'

त्या ओळीखाली मी लाल शाईने प्रश्नचिन्ह काढले आणि पेन खाली ठेवले. पंचवीसेक वर्षांपूर्वी असे टिपण मला लिहावे लागले असते, तर मीही हेच लिहिले असते.

जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून पहिल्या एसटीने माझा डबा येई. बसस्थानकावर जाऊन भरलेला घ्यायचा, कालचा रिकामा परत द्यायचा. मी दोन शिकवण्या घेत असे. त्यांतून खोलीभाडे भागे. आपण आपल्या पायावर उभे आहोत, असे मी मित्रांना अभिमानाने सांगत असे. त्या बससाठी आई पहाटे चारला चूल पेटवते आणि मग दिवसभर रानात राबते, हे मला ठाऊक होते. ते हिशेबात मांडायचे असते, हे मात्र कधी सुचले नाही.

स्वावलंबन म्हटले की आपल्याला कर्मवीर भाऊराव पाटील आठवतात. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि श्रम करून शिकण्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. पण वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणाची अडचण पडली, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा, काढून दिले. त्या थोर प्रयोगालाही एका स्त्रीचा अवलंब होताच.

शासनाने या डब्याची किंमत एकदा आकड्यांत मांडली आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. तीत परभणीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी भोजनासाठी वर्षाला २५,००० रुपये आणि निवासासाठी १२,००० रुपये ठरले. पुण्या-मुंबईसाठी अनुक्रमे ३२,००० आणि २०,०००. दिवसावर वाटले तर परभणीत दोन वेळच्या जेवणाला सत्तर रुपयेही येत नाहीत. रक्कम तुटपुंजी आहे, हे खरेच. तरी त्या तुटपुंज्या हिशेबातही भोजनाचा आकडा भाड्याच्या दुपटीहून मोठा आहे. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीने शून्य लिहिले ती बाब तिच्या साऱ्या टिपणातली सर्वांत मोठी होती.

हीच मुले स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला गेली की हे शून्य एकाएकी भरते. गावची पहिली एसटी तिथे पोचत नाही. घरची ज्वारी उपयोगी पडत नाही. सोयाबीन विकून आलेली रोकडच लागते. महागाई वाढली असे आपण म्हणतो. ती वाढलीच आहे. पण आईच्या श्रमांनी आजवर झाकलेला खर्चही त्याच वेळी उघडा पडतो.

आपल्या प्रमाण मराठीत मिळवता मुलगा 'पायावर उभा राहतो'. आमच्या गावात म्हणतात, 'पोरगं हाताशी आलं.' पाय ज्याचे त्याचे. हात मात्र दुसऱ्याच्या हाताला लागतो. एम.ए. आणि नेट झाल्यावरही मी बारा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले. मानधन उशिरा येई. लोक मला प्राध्यापक म्हणत आणि माझ्या मुलांच्या पोळी-भाकरीचे पोते गावाहून येई. कायम झाल्यावर पहिला पगार आईच्या हातावर ठेवला, तेव्हा ती शेजारणीला म्हणाली, "पोरगं हाताशी आलं." मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो.

पुढच्या आठवड्यात ती मुलगी भेटायला आली. म्हणाली, "सर, आईला विचारलं. ती म्हणाली, लेकराच्या घासाचा कुठं हिशेब ठेवतेत का, माय?"

मी म्हणालो, "खरं आहे. आकडा लिहू नकोस. पण 'खर्च नाही' एवढं मात्र खोड."

तिने ते दोन शब्द खोडले आणि पुढची जागा मोकळी ठेवली.