लोणारच्या काठावर एक मुक्काम

सौदीत नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याने गेल्या उन्हाळ्यात ऑस्ट्रियातून फोटो पाठवले. आल्प्सच्या डोंगरात झेल आम झे नावाचे गाव आहे. निळे तळे, काठावर टुमदार घरे आणि मागे बर्फाची शिखरे. उन्हाळ्यात तिथे आखाती देशांतली कुटुंबे इतक्या मोठ्या संख्येने जातात, की खाणावळींच्या दारावर अरबीत पाट्या दिसतात आणि हलाल जेवण मागायला संकोच वाटत नाही. मुलांनी तळे पाहिले, बर्फ पाहिला. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या अम्मींनी, चष्मा पुसून सगळे फोटो पाहिले आणि विचारले, "हे सगळं ठीक आहे. पण उतरले कुठं? आणि खाल्लं काय?"

आम्ही हसलो, पण प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येक घरातला पहिला प्रश्न हाच असतो. तळे कितीही सुंदर असो, रात्री पाठ कुठे टेकायची, पोरांच्या ताटात काय पडायचे आणि नमाजला जागा कुठे मिळायची, हे ठरल्याशिवाय पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही.

आठवीतली माझी लेक म्हणाली, "दादी, असं तळं तर आपल्या जवळही आहे. लोणार!" अम्मींचा चेहरा एकदम खुलला. "लोणार? माझी अम्मा पापडासाठी तिथलाच खार घ्यायची. बाजारात लोणारी खार म्हणूनच मागायची." सत्तरीला आलेल्या अम्मींनी ज्या तळ्याचा खार लहानपणी खाल्ला, ते तळे कधी पाहिले नव्हते. डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्ही निघालो.

वाट

आमचे गाव पोखर्णी, परभणीहून गंगाखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर. गावाला रेल्वे स्टेशन आहे, पण लोणारला रेल्वे नाही. परभणी, जिंतूर, मंठा आणि मग लोणार असा रस्ता. सारे मिळून सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास. एस.टी.ने जायचे तर जिंतूर आणि मंठा इथे गाडी बदलावी लागू शकते, म्हणून सकाळी लवकर निघावे. आम्ही शेजाऱ्यांची जीप भाड्याने घेतली होती. वाटेत हातात वेळ असेल तर जिंतूरजवळचे येलदरी धरण आणि चारठाण्याची जुनी मंदिरे व बारव पाहता येतात.

प्रवासाचे हे अंतर कसरच्या नमाजला पुरेसे आहे. जोहर, असर आणि इशाचे चार फर्ज दोन होतात. अम्मी घरी खुर्चीवर बसून नमाज अदा करतात. म्हणून एक घडीची प्लास्टिकची खुर्ची आम्ही जीपच्या टपावर बांधली होती. गुडघेदुखीची माणसे सोबत असतील तर ही खुर्ची विसरू नये. ती नमाजला, जेवायला आणि काठावर नुसते बसून राहायलाही उपयोगी पडते.

तळे

असरच्या सुमाराला आम्ही काठावर पोहोचलो. सपाट माळरान संपते आणि पुढे एकाएकी जमीनच नाही, असे वाटते. खाली जवळजवळ दीडशे मीटर खोल वाटी, उतारांवर दाट झाडी आणि तळाशी हिरवट पाणी. काठापासून काठापर्यंत सुमारे 1.8 किलोमीटर. आकाशातून कोसळलेल्या उल्केने काळ्या बसाल्ट खडकात पाडलेला हा खड्डा आहे. तो केव्हा पडला, याबद्दल शास्त्रज्ञांचे दोन हिशेब आहेत. एका मोजणीने सुमारे 50 हजार वर्षे, तर नंतरच्या मोजणीने 5 लाख 70 हजार वर्षे. इंग्रज अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर याने 1823 मध्ये त्याची नोंद केली, असे पुस्तकांत असते. पण त्याच्या सव्वादोनशे वर्षे आधी अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त लोणारचा उल्लेख केला आहे. काच आणि साबण बनवायला लागणारे पदार्थ इथे मिळतात आणि त्यांतून सरकारला चांगले उत्पन्न होते, असे तो सांगतो. त्या काळी लोणार वऱ्हाड सुभ्यातल्या मेहकर सरकारात होते आणि आमच्या जिल्ह्यातली पाथरी हे त्याच सुभ्यातले दुसरे सरकार होते. म्हणजे अकबराच्या दफ्तरात आम्ही लोणारचे शेजारीच.

तळ्याचे पाणी खारे आहेच, शिवाय सोड्यासारखे अल्कधर्मी आहे. पूर्वी उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर खाराचे थर जमत. ते गोळा करून त्यांची प्रतवारी लावत. त्यांतल्या एका प्रतीचे नावच 'पापडी'. पापडखार म्हणजे हाच सोड्याचा खार. उडदाच्या पिठात तो पडला की पापड तळताना फुलतो आणि कुरकुरीत होतो. अम्मी खुर्चीवर बसून बराच वेळ खाली पाहत होत्या. मग म्हणाल्या, "एवढ्याशा चिमटीसाठी अल्लाहने केवढी मोठी कढई केली!"

2020 च्या जून महिन्यात हेच पाणी गुलाबी झाले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले, की खारट पाण्यात वाढणाऱ्या अतिसूक्ष्म जीवांमुळे हा रंग आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात तळ्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. नांदूर-मध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातले हे दुसरे ठिकाण. परिसर अभयारण्य आहे, म्हणून आत चूल पेटवणे, प्लास्टिक टाकणे बंद. तरीही गावाचे सांडपाणी आणि वाढणारे पाणी हे प्रश्न आहेतच. तळ्याच्या जतनाचा विषय अनेक वर्षे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आहे.

खाली उतरायचे तर सकाळी, बूट घालून आणि माहितगार माणूस सोबत घेऊन. वाट झाडीतून जाते, माकडे पिशव्या ओढतात आणि पाणी वाढले की काठची पायवाट बुडते. तळ्याच्या पाण्याने वुजू करू नये, ते डोळ्यांना आणि कातडीला चरचरते. घरून पाण्याचा कॅन न्यावा. गंमत अशी, की वरच्या अंगाला गोमुखाची गोड्या पाण्याची धार बारमाही वाहते. खाऱ्या तळ्याच्या काठावर गोडे पाणी!

मुक्काम

आता अम्मींचा पहिला प्रश्न. लोणारला काठावरच राज्य पर्यटन महामंडळाचे निवास आहे. कुटुंबासाठी ती जागा सर्वांत सोयीची. खोलीतून बाहेर पडले की तळे समोर, जेवणाची सोयही तिथेच. पण हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी ते आधी आरक्षण केल्याशिवाय मिळणे कठीण. आम्ही ते केले नव्हते. खोल्या भरलेल्या होत्या. मग गावात आलो. तिथे साधे लॉज आहेत.

पहिल्या लॉजवर काउंटरवरच्या पोराने सांगितले, दोन खोल्या आहेत, घ्या. मिस्टरांनी आधार कार्डे पुढे केली. तेवढ्यात आतून मालक आले. त्यांनी कार्डे हातात घेतली, एकेक वाचले, पलटले आणि परत दिले. "खोल्या आधीच बुक आहेत. याला माहीत नव्हतं." पोरगा खाली बघत राहिला. मिस्टर काही बोलणार, तोच जीपमधून अम्मींचा आवाज आला, "चल बेटा. आपल्याला रात्र काढायची आहे, भांडण नाही."

जीप पुढे निघाली. लेकीने माझ्या कानाशी विचारले, "अम्मी, खोल्या होत्या ना?"

मला सोपे उत्तर देता आले असते. पण ती आठवीत आहे, सगळे पाहत होती. मी म्हटले, "हो, होत्या."

दुसरा लॉज एका दुकानाच्या मागे होता. मालक म्हातारे गृहस्थ. त्यांनी कार्डांच्या आधी अम्मींचे पाय पाहिले. "आजींना जिना नको. खालची खोली देतो, फक्त तिचा नळ गळतो." बादलीभर गरम पाणी स्वतः आणून ठेवले आणि जाता जाता भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "पश्चिम इकडं." आम्ही विचारले नव्हते. आधी कुणी उतरलेल्या पाहुण्यांनी विचारले असावे आणि त्यांनी ते लक्षात ठेवले असावे.

खाणे

आमच्या पिशवीत दशम्या, तिळाची चटणी, उकडलेली अंडी आणि कोरडा खिमा होता. कोरडा परतलेला खिमा उन्हाळ्यात मात्र नेऊ नये. लोणारला मुस्लिम वस्ती आहे, मशिदी आहेत. मगरिबला मिस्टर मशिदीत गेले, तेव्हा तिथल्या मंडळींनीच खात्रीच्या खाणावळीचा पत्ता सांगितला. परगावी हलाल जेवण शोधायचा हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. पाटीवर विसंबण्यापेक्षा मशिदीच्या दारात विचारावे. आणि काहीच जमले नाही, तर पिठले, भाकरी, ठेचा, शेवभाजी या भागात सगळीकडे मिळते.

अम्मी घराबाहेरचे खात नाहीत. लग्नाच्या जेवणातही यजमान ओळखीचे असतील तरच. रात्री आम्ही दशम्यांचे डबे उघडत होतो, तेव्हा मालकांची पत्नी ताट घेऊन दारात उभी राहिली. गरम भाकऱ्या, पिठले, कांदा. ती जरा अवघडून म्हणाली, "आजी, थंडी आहे, गरम खा. लसूण घातलाय, चालतो ना तुम्हाला?"

मी अम्मींकडे पाहिले. ज्या बाईला आपण काय विचारावे या संकोचात असतो, ती आपल्यालाच तोच संकोच घेऊन विचारत होती. अम्मींनी ताट हातात घेतले, बिस्मिल्लाह म्हटले आणि भाकरीचा पहिला तुकडा मोडला. मग डब्यातल्या चार दशम्या काढून तिला दिल्या. "दुधात भिजवल्यात. उद्या चहाबरोबर खा."

रात्री

दिवा मालवल्यावर लेकीने पुन्हा तोच विषय काढला. "पहिल्या मालकाला आम्ही काय केलं होतं?"

मी गप्प राहिले. उत्तर अम्मींनी दिले, पण मला अपेक्षित होते ते नाही. त्या म्हणाल्या, "आपल्या ओसरीवर यात्रेच्या दिवसांत किती माणसं झोपायची, तुला सांगितलंय ना? नृसिंहाच्या दर्शनाला लांबून यायचे. तुझे दादा कुणाला नाही म्हणत नसत. विहिरीचा दोर रात्रभर बाहेर असायचा. एका पावसात मात्र पालावरचं एक कुटुंब आलं. बाई, दोन लेकरं, एक म्हातारा. दादा गावाला गेले होते. मी दार लावून घेतलं. म्हटलं, जागा नाही. ओसरी रिकामी होती."

खोलीत कुणी काही बोलले नाही. गळक्या नळाचा आवाज तेवढा येत होता.

"तेवढ्या पावसात ते कुठं गेले, मला माहीत नाही," अम्मी म्हणाल्या. "आज जीपमध्ये बसले होते, तेव्हा तो म्हातारा आठवला. त्या मालकाने केलं ते वाईटच केलं. त्याला चांगलं म्हणू नको. पण घरी गेल्यावर दार आपलंही आहे."

लेक उठून त्यांच्या पांघरुणात शिरली.

सकाळी फजरनंतर आम्ही पुन्हा काठावर गेलो. तळ्यावर धुके होते, मोर ओरडत होते. मिस्टर आणि मुले वाटाड्यासोबत खाली उतरली. अम्मी खुर्चीवर, मी त्यांच्या पायाशी. परत येताना मंठ्याच्या बाजारात अम्मींनी पापडखार मागितला. दुकानदाराने कंपनीचे पाकीट दिले. तो लोणारचा नव्हता. अम्मींनी तरीही घेतला.

जाणाऱ्यांसाठी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. शनिवार-रविवारी जायचे असेल तर मुक्काम आधीच ठरवा. फोनवर सांगताना घरातल्या माणसांची पूर्ण नावे सांगा; नकार यायचा असेल तर तो घरबसल्या येऊ द्या, म्हाताऱ्या माणसांना रात्रीच्या थंडीत जीपमध्ये बसवून नको. मूळ ओळखपत्रे जवळ ठेवा. पिण्याचे आणि वुजूचे पाणी, जानमाज, घडीची खुर्ची, एक वेळचे कोरडे जेवण एवढे सोबत असले की पुरते. आणि जिथे चांगली वागणूक मिळाली, तो पत्ता नातेवाइकांना जरूर द्या. आम्ही आतापर्यंत तीन कुटुंबांना त्या दुकानामागच्या लॉजवर पाठवले आहे.

आमच्या ओसरीवर धान्याची पोती, मोडकी सायकल आणि जुने पलंग साठले होते. लोणारहून आल्यानंतरच्या आठवड्यात अम्मींनी मिस्टरांकडून ते सगळे हलवून घेतले. आता तिथे दोन चटया आणि पाण्याचा माठ आहे. यंदाच्या यात्रेला लेकीने माठ भरायचे काम स्वतःकडे घेतले आहे.