निदान

मराठीत काही शब्द असे आहेत, की ते एकाच घरात राहून दोन संसार करतात. ‘निदान’ हा त्यांतला एक. वैद्याच्या तोंडी तो आला म्हणजे रोगाची ओळख. आणि आईच्या तोंडी आला म्हणजे ‘निदान दोन घास तरी खाऊन जा.’ मी वाशीमला महाविद्यालयात मराठी शिकवतो. हा शब्द फळ्यावर लिहिला, की एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, “सर, या दोन अर्थांचा एकमेकांशी संबंध काय?” संस्कृतात निदान म्हणजे मूळ कारण. माधवकराचा रोगलक्षणांवरचा ग्रंथ ‘माधवनिदान’ याच नावाने शतकानुशतके वैद्यांच्या अभ्यासात राहिला. मी मुलांना सांगतो, की तळाशी जाऊन जे सापडते ते निदान, आणि बाकी सगळे सोडून दिल्यावर तळाशी जे उरते तेही निदान. व्युत्पत्तिशास्त्राच्या पंडितांना हे कितपत मानवेल कोण जाणे. मुलांचे समाधान होते आणि तास संपतो.

आमच्या वऱ्हाडात मात्र सामान्य माणूस ‘निदान झाले का?’ असे कधी विचारीत नाही. तो विचारतो, ‘काय निंघालं?’ जणू शरीर म्हणजे विहीर. खणत गेले की काहीतरी निघायलाच हवे! आणि गंमत अशी, की काही निघाले नाही तर माणूस खट्टू होतो. अकोल्याला जाऊन रक्त, लघवी, छातीचा फोटो, पोटाची सोनोग्राफी असे सगळे सोपस्कार करून आलेला गृहस्थ बसस्टँडवर भेटला, की पडलेल्या चेहऱ्याने सांगतो, “काईच नाई निंघालं.” एवढे पैसे मोजून काहीच निघू नये, हा त्याला आपल्यावर झालेला अन्याय वाटतो.

माणसाच्या आत डोकावण्याची ही विद्या तशी फार जुनी नव्हे. १८१६ साली लायनेक या फ्रेंच डॉक्टराने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली, आणि तिच्यातून पुढे स्टेथॉस्कोप जन्माला आला. १८९५ साली राँटजेनने आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले, तेव्हा बोटातल्या अंगठीसकट हाडे दिसली. तेव्हापासून आतले दिसण्याच्या युक्त्या वाढतच गेल्या. जे दिसले ते घरच्या माणसांना सांगायचे कसे, ही विद्या मात्र त्या वेगाने वाढली नाही. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही. ते आमच्या घरातच घडले.

माझी ताई कारंज्याला असते. तिच्या मुलीच्या कॉलेजात चारेक वर्षांपूर्वी आरोग्य-शिबिर झाले. बोटाला सुई टोचून मुलामुलींचे थेंबभर रक्त घेतले आणि सिकलसेलची तपासणी केली. ही तपासणी मोठी मजेदार आहे. एका विशिष्ट द्रावणात रक्त घालतात आणि त्या नळीमागे काळ्या ओळी आखलेला कागद धरतात. ओळी स्वच्छ दिसल्या तर रक्त ठीक. द्रावण गढूळ होऊन ओळी दिसेनाशा झाल्या, तर रक्तात विळ्याचे हिमोग्लोबिन आहे असे समजायचे. भाचीच्या नळीमागच्या ओळी दिसल्या नाहीत. तिच्या हातात एक चिठ्ठी आली. तिच्यावर एकच शब्द होता : ‘पॉझिटिव्ह’.

आता ही तपासणी अर्धीच असते. विळ्याचे हिमोग्लोबिन आहे, एवढेच ती सांगते. मुलगी रोगी आहे की केवळ वाहक, हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी दुसरी तपासणी लागते. तिचा नमुना पुढे पाठवावा लागतो. शिबिरातल्या कुणीही एवढी दोन वाक्ये त्या मुलीला सांगितली नाहीत.

दुसरा कागद यायला दहा दिवस लागले. ते दिवस नवरात्राचे होते. ताईने अनवाणी राहायला सुरुवात केली. भावोजींनी बोलणे टाकले. पोरीने रात्री मोबाईलवर वाचू नये ते सगळे वाचले आणि एका पहाटे मला फोन करून अगदी शांतपणे विचारले, “मामा, मी पुढच्या वर्षाची फी भरू की नको?” एकोणीस वर्षांच्या मुलीने असा प्रश्न विचारला म्हणजे भाषेच्या प्राध्यापकाजवळचे सगळे शब्द संपतात. मी एवढेच म्हटले, “फी भर. कागद येऊ दे.”

कागद आला. त्यावर ‘एएस’ अशी अक्षरे होती. ओळखीच्या डॉक्टरांनी ती उलगडून सांगितली. प्रत्येकाला हिमोग्लोबिनचा एक वाटा आईकडून मिळतो आणि एक बापाकडून. दोन्ही वाटे विळ्याचे असले तर तो रोगी. एक विळ्याचा आणि एक साधा असला तर तो वाहक. वाहकाला सहसा कसलाच त्रास होत नाही. फक्त दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक बाळंतपणात मूल रोगी निघण्याची शक्यता चारांत एक असते.

माझी आई शेजारी बसून ऐकत होती. तिने विचारले, “वाहक म्हंजे? एस.टी.तला कंडक्टर?”

आम्ही सगळे हसलो. आई हसली नाही. थोडा विचार करून ती म्हणाली, “मंग बराबर हाय. कंडक्टर काई गाडी चालवत नाई. बसून राह्यते, तिकीट देते. दोन कंडक्टर एका गाडीत नाई पायजे, एवढंच ना?”

डॉक्टर क्षणभर पाहत राहिले. पुढे त्यांनी मला सांगितले, की खेड्यांतल्या बायकांना समजावताना ते हेच उदाहरण देतात.

या रोगाचे नाव विळ्यावरून पडले. आमच्या शेतकऱ्यांचा तो इळा. निरोगी तांबडी पेशी मऊ आणि गोल असते. या रोगात प्राणवायू कमी पडला की ती ताठरते आणि विळ्यासारखी वाकते. असे असंख्य विळे बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, सांध्यांत, पोटात जीवघेणी कळ उठते. १९१० साली शिकागोच्या हेरिक या डॉक्टराने कॅरिबियन बेटांतून आलेल्या एका तरुण विद्यार्थ्याच्या रक्तात या पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. १९४९ साली पॉलिंगने दाखवून दिले, की दोष पेशीच्या आत, खुद्द हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. १९५८ साली ‘लॅन्सेट’ या नामांकित साप्ताहिकात शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या लोकांत ही लक्षणरेषा असल्याचे लिहिले. म्हणजे शिकागोचा विळा आमच्या विदर्भातही होताच. त्याला ओळखणारा डोळा तेवढा नव्हता.

आणि तो इथे आलाच का? १९५४ साली ॲलिसनने आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले, की वाहकांना घातक मलेरियापासून काही संरक्षण मिळते. जिथे मलेरियाने पिढ्यान्‌पिढ्या मुले नेली, तिथे विळ्याचा एक वाटा असलेली मुले जगली. एका परीने हे पूर्वजांनी दिलेले शस्त्रच. शत्रू मागे हटला, पण शस्त्र घरात राहिले आणि घरच्यांनाच लागू लागले.

मग आमच्या घरातच शोध सुरू झाला. भाचीचा वाटा आला कुठून? भावोजींचा कागद स्वच्छ निघाला, ताईचा नाही. मी तपासून घेतले. माझाही स्वच्छ निघाला. एकाच आईबापांची दोन मुले. नाणे ताईच्या वेळी एका बाजूने पडले, माझ्या वेळी दुसऱ्या. वडील आज नाहीत. राहिली आई. तिचे रक्त तपासले, आणि बाहत्तराव्या वर्षी आई कंडक्टर निघाली.

त्या दिवशी ती जेवली नाही. मला वाटले, वाईट वाटून घेतले असेल. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाल्यावर तिने तिच्या धाकट्या भावाची गोष्ट काढली. तिला एक भाऊ होता, हे आम्हाला माहीत होते. तो कसा गेला ते तिने कधी सांगितले नव्हते. साधारण १९६० सालची गोष्ट. ती आठ वर्षांची, तो तीन वर्षांचा. त्याचे हात-पाय मधूनच सुजत, डोळे पिवळे होत, रात्रभर तो रडे. कुणी वाऱ्याचा विकार म्हणे, कुणी बाहेरचे म्हणे. अंगारे झाले, डाग देणे झाले. एका थंडीत धुणे धुवायला जाताना तिने त्याला कडेवर घेऊन नाल्यावर नेले. तिथे तो पाण्यात खेळला. त्याच रात्री तो तापला आणि आठवड्यात गेला. आजीने रडता रडता एकदाच म्हटले, ‘तूच त्याले पाण्यात नेलं.’ एकदाच. पण ते वाक्य आईने साठ वर्षे जपून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी मी तिला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी खोटा धीर दिला नाही. ते म्हणाले, “आजी, रक्त न तपासता खात्री देता येत नाही. पण तुम्ही सांगता ती लक्षणे याच रोगाची असू शकतात. थंड पाण्याने कळ उठते, हे खरे. पण हा रोग पाण्यातून येत नाही. तो जन्मापासून रक्तात असतो.”

आईने त्यातला एकच शब्द उचलला. परतताना रिक्षात ती दोनदा म्हणाली, “जन्मापासून.”

औषधाची चिठ्ठी नाही, गोळी नाही, इंजेक्शन नाही. नुसत्या निदानाने माणूस बरा होऊ शकतो, हे मी त्या दिवशी पाहिले.

पण गोष्ट इथेच संपत नाही. गेल्या वर्षी भाचीला पाहायला पाहुणे आले. पत्रिका आधीच जुळली होती, अठ्ठावीस गुण आले होते. पोह्यांच्या बशा उचलण्यापूर्वीच भाची मुलाला म्हणाली, “मी सिकलसेलची वाहक आहे. मला आजार नाही. तुम्ही एकदा रक्त तपासून घ्या, मग पुढचे बोलू.” ताईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मुलगा भला, त्याने तपासून घेतले. कागद स्वच्छ निघाला. म्हणजे या जोडप्याचे एकही मूल या रोगाचे रोगी होणार नव्हते. आम्ही पेढे आणायच्या तयारीत होतो. चार दिवसांनी मुलाच्या काकांचा निरोप आला : पत्रिका जमत नाही! अठ्ठावीस गुण चार दिवसांत कुठे गेले, ते ग्रहांनाच ठाऊक. आपल्याकडे विळा मोडून खिळा करणे म्हणतात, ते याला.

यंत्राने आपले काम चोख केले होते. निदान अचूक होते. ते फक्त त्या काकांच्या ओसरीपर्यंत पोचले नाही.

म्हणून मला आमच्या विदर्भातलेच दुसरे एक उदाहरण फार मोलाचे वाटते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत गेले, तेव्हा तान्ही मुले न्यूमोनियाने दगावत होती. छातीचा फोटो काढायचा कुठे? पण मुलाचा श्वास मोजला तरी न्यूमोनिया ओळखता येतो : दोन महिन्यांखालच्या मुलाचा श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक, आणि त्याहून मोठ्या तान्ह्याचा पन्नास किंवा अधिक असला, की धोका. अडचण अशी, की खेड्यातल्या दाईला साठपर्यंत मोजता येत नव्हते. तेव्हा त्यांनी मण्यांची चौकट आणि मिनिटभराचे वाळूचे घड्याळ दिले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. निरक्षर दाई न्यूमोनिया ओळखू लागली, औषध वेळेवर मिळू लागले, मुले वाचू लागली. १९९० साली हे काम ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. संशोधन म्हणजे नुसते नवे यंत्र नव्हे. ज्याच्या हातात ते जायचे आहे, त्या हाताचा विचार म्हणजेही संशोधन.

सिकलसेलच्या बाबतीतही निदानाने उपचाराची वाट उजळते. अशक्त मूल दिसले की आपण रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या देतो. या रोगावर तो इलाज नव्हे. १९८६ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसले, की लहानपणीच रोग ओळखून रोज पेनिसिलीन दिले, तर या मुलांतला जिवावरचा जंतुसंसर्ग पुष्कळ टळतो. १९९५ साली कळले, की हायड्रॉक्सियुरिया या औषधाने मोठ्या माणसांच्या कळा निम्म्यावर येतात. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत घ्यावे लागते. १ जुलै २०२३ रोजी देशात सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. सात कोटी चिठ्ठ्या! प्रत्येक चिठ्ठीबरोबर दोन सरळ वाक्ये सांगणारे माणूसही जावे, एवढेच माझे मागणे आहे.

भाची सध्या अमरावतीला नोकरी करते. लग्न ठरलेले नाही, ठरेल. तिने आपली अट बदललेली नाही. आई मात्र बदलली आहे. तुळशीचे लग्न झाले, की आमच्या आळीत सोयरिकी सुरू होतात. बायका पत्रिका घेऊन तिच्याकडे मुहूर्ताची चौकशी करायला येतात. ती चष्मा लावून पत्रिका पाहते, बरी आहे म्हणते, आणि घडी करून परत देताना विचारते, “हे झालं. रक्त पाह्यलं का पोरापोरीचं?”

कुणी बाई गोंधळली, की आई तिला जवळ बसवते आणि एस.टी.च्या कंडक्टरापासून सुरुवात करते.